नोंद, साचा आणि शेरा

मजुरीच्या हिशेबावरून भांडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसांनी वसंत व्याख्यानमालेत संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण हा विषय आमच्या दारात आपल्या पायांनी चालत आला आहे. पूर्वी मजुराची हजेरी मुकादमाच्या वहीत असे. तंटा झाला की ती वही चावडीवर मागविता येई. चार जाणती माणसे ती वाचीत आणि खाडाखोड कोठे झाली ते बोट ठेवून सांगत. आज तीच हजेरी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाते, आणि या प्रवासात तिचे एकदा तरी रूपांतर होते. त्या रूपांतराचे नियम कोठे लिहिलेले असतात, ते कोण लिहितो आणि त्यांत मजुराचे हित कोठे गुंतलेले असते, एवढेच आज सांगावयाचे आहे. शाळेने आम्हाला हे शिकविले नाही. विचारीत विचारीत आणि वाचीत वाचीत जे समजले, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

नोंद आणि साचा

प्रथम नोंद म्हणजे काय ते पाहू. ‘अमुक मजूर पेडगावचा, सतरा दिवस कामावर होता’ हे वाक्य माणसाला कळते. यंत्राला मात्र गावाचे नाव कोणते आणि दिवसांचा आकडा कोणता, हे वेगळे करून द्यावे लागते. अशा वेगळ्या करून, बांधून दिलेल्या माहितीला आपण बांधीव नोंद म्हणू. ती बांधण्याच्या तीन रीती विशेष प्रचारात आहेत.

पहिली रीत रकान्यांची. भविष्यनिर्वाह निधीचा भरणा करताना मालकाने जी ईसीआर नावाची फाइल द्यावयाची, तिच्या यूएएन आधारित नमुन्यात दर कामगारामागे एक ओळ आणि त्या ओळीत ११ रकाने ठरविले गेले. पहिल्या रकान्यात कामगाराचा १२ अंकी यूएएन, दुसऱ्यात नाव, पुढे वेतनाचे चार आकडे, नंतर वर्गणीचे तीन आकडे, दहाव्यात बिनपगारी खाड्यांचे दिवस आणि अकराव्यात परत केलेली उचल. रकान्यांना नावे नाहीत. स्थान हेच त्यांचे नाव. दुसरी रीत एक्सएमएलची. १९९८ साली तिचे प्रमाण ठरले. तिच्यात प्रत्येक माहितीच्या मागेपुढे तिच्या नावाची खूण लावलेली असते. तिसरी जेसनची. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास ती पुढे आणली. तिच्यात नाव आणि मूल्य अशा जोड्या महिरपी कंसात मांडतात. आज बहुतेक मोबाइल-ॲप आपल्या कार्यालयाशी याच बोलीत बोलतात.

नोंद ही अशी निपचित पडलेली असते. तिच्यावर बेरीज करावयाची, व्याज काढावयाचे, तर आज्ञावलीला ती आपल्या घरात आणावी लागते. आज्ञावलीच्या घरी एक साचा असतो, त्याला क्लास म्हणतात. साच्याला खण असतात: एक नावाचा, एक गावाचा, एक दिवसांचा, एक तारखेचा. प्रत्येक खणात काय मावेल हे ठरलेले असते. दिवसांच्या खणात आकडाच जाईल, तारखेच्या खणात तारीखच जाईल. या साच्यातून दर नोंदीमागे जी एक भरलेली प्रतिमा निघते, तिला वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट म्हणतात. पेडगावच्या शंभर मजुरांच्या शंभर नोंदी आल्या, की साच्यातून शंभर वस्तू निघाल्या. यापुढे यंत्राच्या लेखी मजूर म्हणजे ती वस्तू. खणात जे भरले ते खरे. जे भरले नाही ते जणू घडलेच नाही.

नोंदीतून वस्तू करण्याला आणि वस्तूतून परत नोंद करण्याला जावा भाषेच्या मंडळींनी जे शब्द घेतले, त्यांतला मूळ शब्द आपल्या पूर्णा जंक्शनवरच्या रेल्वे कामगाराला ओळखीचा वाटेल. मालगाडीचे डबे लावून गाडी तयार करतात त्या आवाराला मार्शलिंग यार्ड म्हणतात. वस्तूची नोंद करून पाठविणे म्हणजे ‘मार्शल’ करणे, आणि आलेली नोंद उतरवून तिची वस्तू करणे म्हणजे ‘अनमार्शल’ करणे.

नावे जुळत नाहीत तेव्हा

नोंदीतले नाव आणि खणाचे नाव एकच असेल, तर काम सोपे आहे. अडचण अशी की नोंद लिहिणारा एक आणि साचा करणारा दुसरा. आधार प्राधिकरणाने काढलेल्या ऑफलाइन ई-केवायसीच्या एक्सएमएल फाइलीत पत्त्याचे जे भाग आहेत, त्यांत गावाच्या माहितीला ‘व्हीटीसी’ असे तीन अक्षरी नाव आहे. गाव, नगर किंवा शहर यांना मिळून ते घेतले आहे. पिनकोडला ‘पीसी’, तालुक्याला ‘सबडिस्ट’. आपल्या संस्थेच्या आज्ञावलीत मात्र खणांची नावे गाव, पिनकोड, तालुका अशी आहेत. यंत्राला ‘व्हीटीसी’ म्हणजेच गाव हे स्वतःहून कळत नाही. कोणीतरी सांगावे लागते.

हे भाग वेगवेगळे का ठेवावे लागतात, त्याचा दाखला आपल्याच गावात आहे. आपले पेडगाव परभणीहून मनमाडकडे जाताना लागणारे. दुसरे पेडगाव श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या काठी, बहादूरगडाचे. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण लोक त्या पेडगावाशी जोडतात. नुसते ‘पेडगाव’ एवढे खणात पडले, तर आपला मजूर भीमाकाठी जाऊन बसेल. अशा नामसाम्याचा घोटाळा टपाल खात्याला पूर्वीच जाणवला होता. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, तो याच कारणाने. तालुका, जिल्हा आणि पिनकोड हे तिन्ही खण योग्य भरले, तरच आपले पेडगाव हे आपले पेडगाव राहते.

आता हे सांगावयाचे कोठे? प्रारंभी आज्ञावलीकार प्रत्येक खणासाठी हाताने आज्ञा लिहीत: ‘व्हीटीसी शोध, सापडले तर गावाच्या खणात टाक.’ चाळीस खण असले की चाळीस वेळा हेच. पुढे जुळणीची एक वेगळी फाइल ठेवण्याची रीत आली. एका बाजूला नोंदीतली नावे, दुसऱ्या बाजूला खणांची. पण साचा एका ठिकाणी आणि जुळणी दुसऱ्या ठिकाणी असली, की एक बदलतो आणि दुसरी तशीच राहते. हजेरीपट साहेबाच्या कपाटात आणि दरपत्रक मुकादमाच्या खिशात असले म्हणजे जे होते, तेच येथे होऊ लागले.

शेरा म्हणजे काय

सप्टेंबर २००४ मध्ये जावा भाषेची पाचवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात ॲनोटेशनची सोय झाली. याला आम्ही मराठीत शेरा म्हणतो, कारण सातबाराच्या आणि मस्टरच्या शेवटच्या रकान्यामुळे तो शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे. साच्यातल्या खणाच्या डोक्यावरच, ॲट या चिन्हाने सुरू होणारा एक शब्द लिहावयाचा आणि कंसात हवी ती सूचना द्यावयाची. गावाच्या खणावर शेरा: ‘नोंदीतले नाव व्हीटीसी.’ जुळणी आता खणाला चिकटून राहते. साचा वाचणाऱ्याला ती त्याच ओळीत दिसते.

२००६ साली जॅक्सबी या योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि एक्सएमएलसाठी शेऱ्यांचा एक संच प्रमाण झाला. २०१८ मध्ये जावाच्या अकराव्या आवृत्तीतून तो बाहेर काढला गेला. तो आता जकार्ता या नावाखाली वेगळा चालू आहे. जेसनसाठी जॅक्सन नावाच्या संचाचा वापर फार आहे. नावे बदलली तरी तत्त्व एकच.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शेरा स्वतः काही करीत नाही. पोत्यावर ‘परभणी’ असा मार्का मारला म्हणून पोते परभणीला चालत जात नाही. हमाल तो मार्का वाचतो आणि पोते त्या थप्पीला लावतो. तसा येथे शेरे वाचणारा एक मुकादम असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. जॅक्सबी आणि जॅक्सन हे असे मुकादम होत. आज्ञावली चालू असताना साच्याकडे वळून त्यावर काय लिहिले आहे ते वाचण्याची शक्ती जावाने त्यांना दिली आहे. आपला शेरा आज्ञावली चालू होईपर्यंत टिकावा की त्याआधीच पुसला जावा, हेही सांगावे लागते. रूपांतराचे शेरे टिकणारे असतात. आणि एका मुकादमाचे शेरे दुसऱ्याला कळतीलच असे नाही. त्याच्या ओळखीचा नसलेला शेरा तो वाचीत नाही आणि तशी तक्रारही करीत नाही. शेरा आहे म्हणून काम झाले, असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शेऱ्यांचे प्रकार

पहिला शेरा नावाचा. तो आपण पाहिला. त्याचाच भाऊ म्हणजे पर्यायी नावाचा शेरा. जॅक्सनमध्ये तो २०१७ साली आला. जुन्या नमुन्यात ‘पीसी’ आणि नव्यात ‘पिनकोड’ असे येत असेल, तर वाचताना दोन्ही नावे स्वीकारावयाची आणि लिहिताना एकच लिहावयाचे, अशी सवलत तो देतो. नमुना बदलला म्हणून जुन्या मजुराची नोंद परत फिरविली जाऊ नये, याची ही तजवीज आहे.

दुसरा शेरा वगळण्याचा. एखादा खण साच्यात आहे, पण तो बाहेरच्या नोंदीत जाऊ द्यावयाचा नाही, असे त्याने सांगता येते. मजुराचा आधार क्रमांक किंवा आजाराची माहिती यांवर हा शेरा असला पाहिजे. पण हाच शेरा वेतनकपातीच्या कारणावर ठेवला, तर कपात दिसेल आणि कारण दिसणार नाही.

तिसरा शेरा रूपाचा. ०१-०२-१९७२ ही तारीख आपल्याकडे १ फेब्रुवारी होते, अमेरिकेत २ जानेवारी. खणावर ‘दिवस, महिना, वर्ष’ असा शेरा नसेल, तर मुकादम आपल्या सवयीने वाचतो. येथली खोच अशी की, दिवस १२ च्या आत असला तर उलटापालट निमूट पचते. १३ च्या पुढे असला तर शिस्तीचा मुकादम अडतो, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे काही मजुरांच्या तारखा चुकतात आणि बाकीच्यांच्या अडकतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की दोष मजुरांच्या कागदांतच आहे. निवृत्तिवेतनाचे वय जन्मतारखेवरून मोजतात, तेव्हा ही बाब किरकोळ नव्हे.

चौथा शेरा दुभाष्याचा. नाव किंवा रूप सांगून भागत नाही, अशा वेळी आज्ञावलीकार एक छोटी आज्ञा स्वतः लिहितो आणि शेऱ्यात तिचे नाव देतो. तिला दोन तोंडे असतात: नोंदीतून वस्तूत जाताना काय करावयाचे आणि परत येताना काय करावयाचे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदांत वसमत आणि कळमनुरी परभणी जिल्ह्यात आहेत. जुन्या नोंदी नव्या साच्यात आणताना तालुका पाहून जिल्हा ठरविण्याचे काम असा दुभाषा करतो. त्याचे एक तोंड नीट लिहिले आणि दुसरे विसरले, तर माहिती येताना बरोबर येते आणि जाताना बिघडून जाते.

पाचवा शेरा क्रमाचा किंवा स्थानाचा. रकान्यांच्या फाइलीत याच्यावरच सारा भार असतो. एक उदाहरण घेऊ. १ सप्टेंबर २०१४ पासून निवृत्तिवेतनासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरली. तेवढ्या वेतनावर १२ टक्क्यांनी कामगाराची वर्गणी १,८०० रुपये. मालकाचेही १,८००, पण त्यांपैकी ८.३३ टक्के म्हणजे १,२५० रुपये निवृत्तिवेतनाच्या खात्यात आणि उरलेले ५५० भविष्यनिर्वाह निधीत. ईसीआरमध्ये हे दोन आकडे आठव्या आणि नवव्या रकान्यात शेजारी शेजारी बसतात. समजा, ती फाइल वाचणाऱ्या एखाद्या आज्ञावलीत स्थानाचा शेरा लिहिताना आठाच्या जागी नऊ आणि नवाच्या जागी आठ पडले. बेरीज तीच १,८००. एकूण भरणा रुपयाचाही फरक न पडता जुळतो. हिशेबनीस सही करतो. आणि त्या आज्ञावलीच्या लेखी कामगाराच्या निवृत्तिवेतनात १,२५० ऐवजी ५५० पडत राहतात. बेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला, असे मानणाऱ्याला ही चूक कधीच सापडणार नाही. रकान्यागणिक पाहणाऱ्याला ती पहिल्याच ओळीत सापडेल.

आणखी एक बारीक गोष्ट. बँकेचा खाते क्रमांक दिसतो आकडा, पण त्याची कोणी बेरीज करीत नाही. तो नावच असतो. पुष्कळ खाते क्रमांक शून्याने सुरू होतात. साच्यात तो खण आकड्याचा केला, तर पुढची शून्ये गळून पडतात आणि मजुराचे पैसे परत जातात. तेथे खण अक्षरांचा असावयास हवा. साचाच चुकला, तर शेरा तो सुधारीत नाही.

कोरे आणि शून्य

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय आम्ही घेतला, तिच्याकडे येतो. नोंदीत एखादी माहिती मुळीच आली नाही तर खणात काय पडते? जावात साधा आकड्याचा खण कधी कोरा राहू शकत नाही. कोणी काही भरले नाही तर त्यात आपोआप शून्य असते. कोरा राहू शकणारा आकड्याचा खणही आहे, पण तो जाणूनबुजून निवडावा लागतो. कामावर जाणाऱ्या माणसाला या दोहोंतला फरक समजावून सांगावयास नको. ‘हजेरी शून्य’ म्हणजे तो आला नाही. ‘हजेरी कोरी’ म्हणजे कोणी लिहिलीच नाही. पहिल्यात दोष मजुराकडे जातो, दुसऱ्यात लिहिणाऱ्याकडे. मुकादमाच्या वहीत कोरी जागा डोळ्यांत भरत असे. यंत्र मात्र कोऱ्याचे शून्य करून, वेड पांघरून पेडगावला निघून जाते.

शिवाय शून्याचा अर्थ खणाप्रमाणे फिरतो. खाड्यांच्या दिवसांत चुकून शून्य पडले, तर मजुराचे नुकसान नाही. कामाच्या दिवसांत पडले, तर त्या पंधरवड्याची भाकरी गेली. म्हणून ‘रिकामे असेल तर शून्य धरा’ हा सरसकट नियम दिसतो निःपक्षपाती, पण तसा तो नसतो.

यावर कोणी म्हणेल, ‘आवश्यक’ असा शेरा मारला की झाले. तसा शेरा आहे. परंतु जॅक्सबीमध्ये तो मारला तरी वाचताना माहिती नसल्यास मुकादम अडवीत नाही. नमुन्याशी तपासणी करण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते. जॅक्सनमध्येही साध्या खणावरचा असा शेरा नोंद अडवीत नाही. अनोळखी नावाचेही असेच. नोंदीत ज्याला खणच नाही अशी माहिती आली, तर कोणी मुकादम तेथेच थांबतो, कोणी ती गुपचूप टाकून पुढे जातो. ही सवय संचागणिक वेगळी असते, आणि ती बदलताही येते. ‘सतरा दिवस’ ही माहिती नोंदीत आली, पण नावात एका अक्षराचा फरक होता. सोशीक मुकादमाने ती टाकून दिली, आणि खणात शून्य उरले. माहिती दिली गेली होती, वाहून नेली गेली होती, आणि उंबरठ्यावर सांडली. अशा वेळी खिडकीवरचा कारकून पडद्यावरचे शून्य दाखवितो. तो खोटे बोलत नसतो, आणि मजूरही नसतो.

काय मागावे

यावर उपाय यंत्र फोडणे हा नव्हे. वह्यांच्या काळात मजुरांची लूट होत नव्हती, असे आम्हाला कोणी सांगू नये. ती आम्ही पाहिली आहे. शेऱ्याची रीत खरे तर चांगली आहे. रूपांतराचा नियम ज्या खणाचा, त्याच्याच डोक्यावर असतो, आणि तो वाचण्यास मोठी विद्या लागत नाही. ज्या आज्ञावलीवर आपली मजुरी अवलंबून आहे, तिच्या खणांची आणि शेऱ्यांची यादी मराठीत लिहून द्या, अशी मागणी मंडळाने, पतपेढीने आणि संघटनेने अवश्य करावी. यादी हाती आली की पाच प्रश्न विचारावे. हा खण कोणत्या नावाने किंवा कितव्या रकान्यातून भरतो? तारीख कोणत्या क्रमाने वाचतो? कोणते खण वगळले आहेत, आणि का? माहिती नसली तर कोरे राहते की शून्य पडते? अनोळखी माहिती आली तर यंत्र थांबते की ती टाकून देते, आणि टाकलेली कोठे लिहून ठेवते?

त्यानंतर परीक्षा घ्यावी. चार बनावट मजुरांच्या नोंदी कराव्यात. एकाची हजेरी सतरा, एकाची खरोखरच शून्य, एकाची कोरी. चौथ्याचा खाते क्रमांक शून्याने सुरू होणारा, जन्मतारीख महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतली आणि गाव पेडगाव, तालुका परभणी. त्या नोंदी आज्ञावलीत उतरवाव्यात, त्यांच्या वस्तू होऊ द्याव्यात, आणि त्या वस्तूंच्या परत नोंदी काढून मूळ नोंदींशी ओळीने ताडून पाहाव्यात. आज्ञावलीकार मंडळी याला फेरीची परीक्षा म्हणतात. जी दुसरी आणि तिसरी नोंद परत येताना एकसारखी होऊन येईल, ती आज्ञावली मजुरीच्या कामाला लावू देऊ नये. आणि ज्या गावच्या मजुरांची हजेरी तीत जाणार, त्यांच्यापैकी दोघे तरी ही परीक्षा होत असताना शेजारी बसलेले असावेत.